ज्याचा केर, त्याच्यासमोर

वनिताची पाळी कायमची गेली त्या वर्षी तिनं गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच. बाकी सगळं केलं. पांढराशुभ्र पंजाबी ड्रेस शिवून घेतला, जो अंगाला लावायची हिंमत तिला शाळेपासून कधी झाली नव्हती. गाडी शिकली. शिकता शिकता एका दुधाच्या टेम्पोला घासली, टेम्पोवाल्याशी तमिळमधून भांडली आणि भांडण जिंकली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझं आता सगळं देऊन झालंय. आता जे उरलंय ते माझं."

तानाजी 'हूं' म्हणाला. तो मुशीत बघत होता. मुशीत सोनं वितळत असलं की तानाजी साक्षात भैरोबालाही 'हूं'च म्हणाला असता.

तानाजीचं सेलमला गलाईचं दुकान. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवायची, तेजाबात घालून शुद्ध करायची आणि सराफाला परत द्यायची. खानापूर-आटपाडीकडच्या माळरानावरची माणसं कधीतरी पोटासाठी देशभर पांगली, आणि जिथं सराफपेठ तिथं एक मराठी भट्टी पेटली. त्यांचा नेम एकच. झाडायला-पुसायला गडी ठेवायचा, पण मुशीवर आपलंच रक्त पाहिजे. सोनं परक्याच्या हाती द्यायचं नाही. म्हणून ज्याला मुलगे जास्त, त्याची दुकानं जास्त. एक सेलमला, एक राजकोटला, एक कटकला. ज्याला एकच मुलगा त्याचं एकच दुकान. आणि तोही पुण्याला जाऊन काचेच्या इमारतीत नोकरीला बसला, तर भट्टी विझलीच म्हणून समजा.

तानाजीचा एकुलता एक वेदांत पुण्याला जाऊन काचेच्या इमारतीत बसला होता. वर त्यानं आणि त्याच्या बायकोनं घरी कळवून टाकलं होतं की आम्हाला मूल नको. "दोघांचे पगार आहेत म्हणूनच परवडत नाही, पप्पा," असं तो म्हणाला. या वाक्याचा अर्थ लावण्यात तानाजीचे बरेच महिने गेले. त्याच्या आईला सात झाली होती, त्यांतली चार जगली. तेव्हा घरात दाणा नव्हता. आता घरात दोन पगार येत होते आणि पाळणा मात्र हलत नव्हता. तानाजीला वाटलं, हिशेबात कुठंतरी चूक आहे, आणि ती आपणच दुरुस्त करायला हवी.

वनिताला हे सगळं कळलं ते फोनवर. ती दुपारी कैऱ्या चिरत होती. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलत होती.

"मॅडम, पुनर्वसंत केंद्रातून बोलतेय. अभिनंदन. तिन्ही छान वाढलेत."

"कोण तिन्ही?"

"तुमचे भ्रूण, मॅडम. सर म्हणाले होते जत्रेनंतरची तारीख द्या, म्हणून फोन केला. त्याआधी थोडी इंजेक्शनं घ्यावी लागतील, पिशवी तयार व्हायला."

वनितानं विळी मिटली. "बाई, मी एक्कावन्न वर्षांची हाय. तुम्ही चुकीच्या घरी लावलाय फोन."

"वयाचं काही टेन्शन नाही, मॅडम. तुमच्या रक्तावरून केलेत ना."

रक्त. महिन्या-दीड महिन्यापूर्वी साखर तपासायला म्हणून एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला होता. तानाजीनंच बोलावला होता. "पन्नाशी झाली, तपासून घ्यावं," असं इतक्या मायेनं म्हणाला होता की वनितानं त्या दिवशी त्याच्या आवडीची मासवडी केली होती.

गोष्ट काय होती ती नीट सांगायला हवी. बाई जन्माला येते ती आपली सगळी बीजं बरोबर घेऊनच येते. नवीन तयार होत नाहीत. असलेली संपत जातात, आणि पन्नाशीच्या आगेमागे साठा सरतो. गर्भाशय मात्र त्या मानानं चिवट. त्याला बाहेरून संप्रेरकं दिली तर ते त्यानंतरही मूल वाढवू शकतं. अडचण होती ती बीजाची, आणि तीच शास्त्रज्ञांनी सोडवली.

कशी, ते गलाईवाल्याला चटकन कळतं. बांगडी आटवली की आपण बांगडी होतो हे सोन्याला आठवत नाही. मग त्याची अंगठी करा नाहीतर नथ. शरीरातल्या पेशीचंही तसंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशीत आख्ख्या माणसाचा आराखडा असतो, पण तिनं स्वतःला रक्तापुरतं बांधून घेतलेलं असतं. काही ठरावीक प्रथिनं तिच्यात सोडली की ती रक्त असल्याचं विसरते आणि कोऱ्या, आदिम पेशीसारखी होते. मग तिला प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंडाशयाच्या ऊतीत ठेवायचं. आजूबाजूच्या पेशींचे इशारे घेत घेत ती स्त्रीबीज होते. ते बीज त्याच बाईचं असतं, आणि तिच्या रक्ताच्या एका थेंबातून अशी हवी तितकी निघतात.

शोध लागला तो कर्करोगाच्या उपचारांत बीजं जळून गेलेल्या तरुण मुलींसाठी. वनितानं टीव्हीवर त्यांतली एक मुलगी बघितली होती आणि पदरानं डोळे पुसले होते. पण ज्या सुरीनं भाजी चिरतात, तिनंच गळाही कापता येतो. शोध पाच-सात वर्षांत केंद्रांमध्ये आला, केंद्रांच्या जाहिराती आल्या, आणि माळरानावरच्या गलाईवाल्यांच्या लक्षात आलं की बायको म्हातारी झाली तरी दुकानं वाढवता येतात. खर्च दांडगा होता. म्हणून तर हौस. दारातली मोठी गाडी आता कुणाच्याही दारात दिसायची. पन्नाशीच्या बायकोच्या मांडीवर तान्हं पोर दिसलं की समजायचं, हा खरा वरच्या पायरीचा. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानं बंदी होती. डॉक्टर सांगतही नसत. ते नुसतं विचारत, "पेढे आवडतात की बर्फी?"

संध्याकाळी तानाजी दुकानातून वर आला तेव्हा वनिता स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर आमटी होती.

"साखर तपासायला रक्त दिलं होतं मी."

"तपासली की. नॉर्मल हाय."

"आणि उरलेल्याचं काय केलंत?"

तानाजी हात धूत होता. तो पुन्हा पुन्हा साबण लावू लागला. "फोन आला व्हय? मी सांगणारच होतो. जत्रेत, आईसमोर. आगं, बाटलीत राहिलेलं रक्त टाकूनच देत्यात. टाकायच्या वस्तूतनं सोनं काढायचं हा तर आपला धंदा हाय."

"मी केर हाय?"

"तसं न्हाई म्हणलो मी."

"तसंच म्हणालात."

तानाजी खुर्चीवर बसला. वाईट माणूस नव्हता तो. सराफाच्या सोन्यात गुंजभर इकडंतिकडं कधी केलं नव्हतं त्यानं. तो समजावणीच्या सुरात बोलू लागला. "वने, आता काय कमी हाय आपल्याला? दोन बायका ठेवू पोरं सांभाळायला. तुला काडी पण उचलायला लागायची न्हाई."

मग वनिता ते बोलली जे तिनं बावीस वर्षं आमटीत, भाजीत, पोळीत मळून-मिसळून घरादाराला खाऊ घातलं होतं.

वेदांत चार-पाच वर्षांचा असताना तिला दिवस राहिले होते. तेव्हा भट्टीच्या वरची एकच खोली होती आणि तेजाबाच्या वासानं वेदांत रात्रभर खोकायचा. तानाजी म्हणाला होता, परवडायचं नाही. तिनं सांगून बघितलं होतं, मी एक वेळ जेवते, पण राहू दे. तो म्हणाला, तुझ्या एका वेळेनं काय होतंय. दवाखान्याच्या बाहेर तो उन्हात उभा राहिला होता आणि ती बाहेर आल्यावर तिच्यासाठी बर्फ घातलेला उसाचा रस घेऊन आला होता. तिनं तो प्यायला. तहान लागली होती. त्या सगळ्या दिवसातलं तिला आजही सहन होत नाही ते हेच, की रस गोड लागला होता.

"तेव्हा एक नको होतं. माझ्या पोटात आपोआप आलेलं. आता तीन पाहिजेत, बाटलीतनं काढलेली. तुमच्या खिशावर चालते व्हय माझी कूस? खिसा रिकामा तर बंद कर, खिसा भरला तर उघड. दुकानाचं शटर हाय का ते?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी व्हती."

"गोष्ट वेगळी होती. पोट हेच होतं."

आमटी उतू गेली. कुणी गॅस बंद केला नाही.

"मी न्हाई म्हणाले तर?" वनितानं विचारलं.

तानाजी खाली बघून म्हणाला, "भाड्यानं कूस मिळती आता. कायदा सैल झालाय. पण पोरं तुझीच राहणार. दुसऱ्या बाईचं बीज घ्या म्हणत होता डॉक्टर, निम्म्यात झालं असतं. मी म्हणलं, न्हाई. नाक वनीचंच पाहिजे."

हे ऐकून तिच्या आत काहीतरी मऊ झालं. क्षणभरच. आणि त्या मऊपणाचा तिला असा संताप आला की तिनं आमटीचं पातेलं तसंच मोरीत उपडं केलं.

"म्हंजी मी न्हाई म्हटलं तरी ती येणारच."

"येणार. आणि आल्यावर तू सांभाळशीलच. तुला मी वळखतो."

खरी भीती तीच होती. तीही स्वतःला ओळखत होती.

जत्रेला गावी जायचंच होतं. हिंगणदरा हे त्यांचं गाव, विट्याच्या पलीकडं, कुसळांच्या माळावर. देशभरचे गलाईवाले वर्षातून एकदा भैरोबाच्या जत्रेला इथं जमतात. गावात एकाला एक लागून बंगले; कुणाचं नाव 'कटक कृपा', कुणाचं 'राजकोट निवास'. वर्षभर कुलपं, आत एखादी म्हातारी आणि तिच्या सोबतीला टीव्ही. जत्रेच्या आठवड्यात मात्र सगळ्या खिडक्या उघडतात. यंदा प्रत्येक व्हरांड्यात एक बाबागाडी दिसत होती, आणि गाडी ढकलणाऱ्या बायकांचे केस पांढरे होते किंवा नुकतेच काळे केलेले होते.

सुनंदा त्यांतलीच एक. वनिताची शाळेपासूनची मैत्रीण, राजकोटच्या शिवाजीची बायको. तिला जुळे मुलगे झाले होते. वनिता भेटायला गेली तेव्हा सुनंदा पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. घोटे दिसतच नव्हते.

"ये. अभिनंदन करू नको," सुनंदा म्हणाली.

"न्हाई करत."

"तुझं पण चाललंय म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"बया, तुला सोडून सगळ्यांना म्हाईत हाय. आमच्यात बापय भट्टी पेटवत्यात, बायकांना नुसता धूर दिसतो."

दोघी हसल्या. मग सुनंदा हसायची थांबली. "वने, बीपी खाली येत न्हाई माझं. शिवाजी म्हणतो गोळी घे. रात्री दोघं एकदम रडायला लागली की मला वाटतं, मी मेले तर बरं, निदान झोप तरी लागंल. आणि सकाळी त्यांची तोंडं बघितली की वाटतं, मेले तर ह्यांचं कसं. माझी नात ह्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी हाय. ती ह्यांना काका म्हणती."

"तुला विचारलं होतं?"

"कळवलं होतं," सुनंदा म्हणाली.

घरी वनिताच्या सासूबाई, हौसाबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. वनितानं मनाची तयारीच केली होती. इथं नातवाचा धोशा ऐकावा लागणार. ती समोर बसली आणि शेंगा फोडू लागली.

"आत्याबाई, तुम्हाला सांगितलंय ना ह्यांनी?"

"सांगितलंय." म्हातारीनं एक नासका दाणा बाजूला फेकला. "मला पाहिजे नातू. खोटं कशाला बोलू. दुकान कोण चालवंल?"

"हं."

"माझं बंद झालं तवा मी भैरोबाला बोकड दिला व्हता. घरी सांगितलं, बैल बरा झाला म्हणून नवस फेडला." तिनं शेंग फोडली. "बैल धडधाकट व्हता."

वनितानं टरफलं एका बाजूला सारली.

"मग मी काय करू?"

"मला काय विचारती? मला नातू पण पाहिजे आणि तुला परत ढोरासारखं वाकलेलं पण बघवायचं न्हाई. माझं मी ठरवलेलं न्हाई अजून." आणि ती पुन्हा शेंगांकडं वळली.

पालखी फिरून आल्यावर देवळापुढच्या मांडवात गलाईवाल्यांची बैठक बसते. वर्षभराचे धंद्यातले तंटे तिथं मिटतात, कोर्टात कुणी जात नाही. बहुतेक तंटे केराचे. सराफाच्या दुकानात कानस मारताना सोन्याचे कण उडतात आणि केरात जातात. तो केर गलाईवाला विकत घेतो, जाळतो, धुतो आणि त्यातून सोनं काढतो. त्याला नियम एकच: केर उचलताना ज्याचा केर त्यानं समोर उभं राहायचं. मालकाच्या पाठीमागं उचललेला केर म्हणजे चोरी, मग त्यात सोनं निघो न निघो. असं करणाऱ्याला पुन्हा कुणी विश्वासानं सोनं देत नाही.

यंदा बैठकीला पुनर्वसंत केंद्राचे डॉक्टर इनामदार पाहुणे होते. मांडवाचा खर्च केंद्राचा होता. डॉक्टरांना शाल-नारळ मिळाला, विट्यात शाखा काढणार असल्याचं त्यांनी सांगितलं, टाळ्या पडल्या. बापू, म्हणजे बैठकीचे म्हातारे प्रमुख, माइकवर म्हणाले, "कुणाची काय तक्रार?"

मागं बायका बसल्या होत्या. वनिता उठली आणि मधल्या वाटेनं पुढं आली.

"केराची तक्रार हाय, बापू."

"कुणाच्या केराची?"

"माझ्या. माझं रक्त उचललं. मला साखर तपासतो म्हणून सांगितलं आणि माझ्या पाठीमागं त्यातनं तीन पोरं काढली. उचलणारा तुमच्यातलाच हाय, तानाजी सेलमवाला."

पुढच्या रांगा हसल्या. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, घरातलं भांडण हाय ते, इथं कशाला." तानाजी दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याची मान खाली गेली.

बापू हसले नाहीत, पण सुटका शोधत होते. "बाई, केर वेगळा आणि रक्त वेगळं."

"व्हय की. केराला मालक असतो. रक्ताला असतो का, एवढं सांगा. मी खाली बसते."

डॉक्टरांनी स्वतःहून माइक ओढला. "एक स्पष्ट करतो. आमच्याकडं दोघांच्या संमतीशिवाय काहीही होत नाही. ताईंची संमती तानाजीरावांनी आम्हाला कळवली होती. तशी ती नसेल तर तो गुन्हा होतो, आणि जे तयार झालंय ते आम्हाला नष्टच करावं लागतं. पण इथं तसं काही नाहीये. हो ना, तानाजीराव?"

डॉक्टर तानाजीकडं बघून हसले. आता सगळा मांडव तानाजीकडं बघत होता. त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की तिन्ही शाबूत. सेलमची भट्टी, आणखी दोन गावांतल्या दोन भट्ट्या, आणि तीन चेहऱ्यांवर वनीचं नाक.

तो उठून उभा राहिला.

मागून सुनंदा आली. पाय ओढत, दोन्ही हातांवर दोन पोरं. ती शिवाजीपाशी थांबली आणि एक डाव्या मांडीवर, एक उजव्या मांडीवर ठेवलं. "जरा धरा," एवढंच म्हणाली आणि बायकांत जाऊन बसली. मग कटकवाल्याची बायको उठली. मग आणखी एक. पोरं रडायला लागली. पागोटी, टोप्या, जाकिटं घातलेली माणसं मांडीवरचं ओझं कसं धरायचं ते न कळून अवघडून बसली.

"तानाजी," बापू म्हणाले, "विचारलं व्हतंस का बाईला?"

"बापू, त्यांनी मला फोनवर—" डॉक्टर म्हणाले.

"तुमाला न्हाई विचारलं मी."

तानाजीनं वनिताकडं बघितलं. तिनं नजर हलवली नाही. मदत केली नाही.

"न्हाई विचारलं," तो म्हणाला. "खोटं सांगून उचललं."

मांडवात गलका उठला. डॉक्टर कुणाला तरी फोन लावत स्टेजवरून उतरले. वनिता बाहेर पडली, चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधू लागली. तिला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. पोटात नुसती एक पोकळी होती, बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारसारखी. फक्त या वेळी दार तिनं स्वतः लावलं होतं. रडणं आलं, ते तिनं गिळलं नाही.

तानाजी मागून आला.

"झालं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते.

"मनासारखं?" ती वळली. "एवढ्या मांडवापुढं खरं बोलायला जमलं तुम्हाला. धंदा जाईल, अब्रू जाईल, तरी बोललात. मग घरात, माझ्या एकटीपुढं, 'वने, असं करू का' एवढं विचारायला काय झालं होतं?"

"तू न्हाई म्हणाली असतीस."

"व्हय. म्हणाले असते."

तो वाट बघत होता, ती आणखी काही बोलेल म्हणून. तिनं ढिगातून आपली चप्पल ओढून काढली आणि पायात घातली. तिचं बोलून झालं होतं.

आत पोरांचं रडणं टिपेला गेलं होतं. माइक चालूच राहिला होता, आणि माळभर बापूंचा कावलेला आवाज घुमला, "आरं, ह्यांच्या आया कुठं हायत्या? घ्या की कुणीतरी."

एकही बाई उठली नाही. मागच्या रांगेतून हौसाबाईचा खणखणीत आवाज आला, "बाप बसलाय की मांडी घालून. त्याला सांगा."